पंचाहत्तर टक्क्यांची रेषा

सह्याद्रीच्या पायथ्याशी असलेल्या महाड आणि पोलादपूर या तालुक्यांत मोटारीला पाण्याचा आणि घाटाचा असा दुहेरी धोका असतो. महाबळेश्वरला उगम पावणारी सावित्री पोलादपूरवरून महाडला येते, तेथे तिला गांधारी मिळते, आणि घाटमाथ्यावर अतिवृष्टी चालू असतानाच खाडीला भरती असेल तर महाडच्या बाजारपेठेत पाणी चढू लागते. दुसरीकडे मुंबई-गोवा महामार्गावरचा कशेडी घाट, पोलादपूरहून महाबळेश्वरला जाणारा आंबेनळी घाट आणि महाडहून भोरकडे जाणारा वरंधा घाट हे तिन्ही रस्ते दरडी, धुके आणि तीव्र वळणे यांसाठी ओळखले जातात. 2 ऑगस्ट 2016 च्या रात्री महाडजवळचा सावित्रीवरील ब्रिटिशकालीन पूल कोसळून दोन एसटी बस आणि एक खासगी मोटार पुरात गेली. 28 जुलै 2018 रोजी दापोलीच्या कृषी विद्यापीठाच्या कर्मचाऱ्यांची बस आंबेनळीच्या दरीत कोसळून एकजण वगळता सर्वांचा मृत्यू झाला. आणि 22 जुलै 2021 च्या महापुरात महाड शहर पाण्याखाली असतानाच तालुक्यातील तळिये येथे दरड कोसळून ऐंशीहून अधिक माणसे दगावली, तर पोलादपूर तालुक्यातील केवनाळे आणि साखर सुतारवाडी या वस्त्यांवरही डोंगर आला. जेथे माणसे गेली तेथे मोटारीच्या नुकसानीचा विषय काढणे अनेकांना अप्रशस्त वाटते आणि ते स्वाभाविक आहे. तथापि वाचलेल्या कुटुंबाला पुढे जगायचे असते, त्याच्या दारात चिखलाने भरलेली किंवा घाटात चेपलेली गाडी उभी असते, तिचे हप्ते चालू असतात, आणि आपत्तीनंतरच्या शासकीय मदतीच्या निकषांत घरे, पिके व जनावरे यांना जसे स्थान असते तसे खासगी मोटारीला नसल्यामुळे त्या कुटुंबासमोर विम्याखेरीज दुसरा आधार उरत नाही.

हा आधार प्रत्यक्षात आहे की नाही, हे प्रथम पॉलिसीच्या कागदावर पाहावे लागते. मोटार वाहन कायदा, 1988 नुसार जो विमा सक्तीचा आहे तो केवळ त्रयस्थ पक्षाचा, म्हणजे गाडीमुळे इतरांना झालेल्या इजेचा किंवा नुकसानीचा. बोलीभाषेत त्यालाच ‘थर्ड पार्टी’ म्हणतात आणि त्यातून स्वतःच्या गाडीसाठी एक रुपयाही मिळत नाही. स्वतःच्या गाडीचे नुकसान भरून निघण्यासाठी ‘ओन डॅमेज’ हा भाग घेतलेला असावा लागतो. अपघात, आग आणि चोरी यांबरोबर पूर, वादळ, दरड कोसळणे हे धोकेही त्यात येतात, आणि दोन्ही भाग एकत्र असलेल्या पॉलिसीला लोक ‘फुल इन्शुरन्स’ म्हणतात. 1 सप्टेंबर 2018 पासून नव्या मोटारीसाठी त्रयस्थ पक्षाचा विमा एकदम तीन वर्षांचा घ्यावा लागतो, पण ओन डॅमेजचा भाग पुष्कळदा एकाच वर्षाचा असतो. पॉलिसीवर तीन वर्षांनंतरची तारीख पाहून निश्चिंत झालेल्या मालकाचे दुसऱ्या पावसाळ्यात स्वतःच्या गाडीपुरते संरक्षण संपलेले असते, आणि हे त्याला बहुधा दावा करायला गेल्यावर कळते. विक्रीच्या वेळी दोन्ही तारखा मालकाला ठळकपणे दाखवणे हे विक्रेत्याचे कर्तव्य मानले गेले पाहिजे.

पुरात बुडालेल्या गाडीच्या दाव्याचे भवितव्य पाणी ओसरल्यानंतरच्या पहिल्या काही मिनिटांत ठरते. इंजिनाच्या नळकांड्यात हवा आणि इंधन दाबले जाते, परंतु पाणी दाबले जात नाही. त्यामुळे हवा घेण्याच्या मार्गाने पाणी आत गेलेले असताना चावी फिरवली तर वर येणारा दट्ट्या पाण्यावर आदळतो आणि त्याला जोडलेला दांडा वाकतो किंवा तुटतो. या प्रकाराला ‘हायड्रोस्टॅटिक लॉक’ म्हणतात. विमा कंपन्यांचे म्हणणे असे, की पुराने गाडी भिजली हे थेट नुकसान खरे, पण गाडी सुरू केल्याने इंजिन मोडले हे परिणामस्वरूप नुकसान आहे आणि ते मूळ पॉलिसीतून वगळलेले आहे. त्यासाठी ‘इंजिन प्रोटेक्ट’ नावाचे जोडसंरक्षण वेगळा हप्ता भरून घ्यावे लागते. म्हणून बुडालेली गाडी सुरू करून पाहू नये, बॅटरीची तार सोडवावी, पाण्याची रेषा दिसेल अशी छायाचित्रे आतून-बाहेरून काढावीत, आणि गाडी ढकलत किंवा टोचन करूनच गॅरेजला न्यावी. नुकसानीची पाहणी करणारा सर्व्हेअर गाडी पाहतो तेव्हा तो एअर फिल्टरच्या डब्यात गाळ साचला आहे का, तेल मोजण्याच्या पट्टीवरचे तेल दुधाळ झाले आहे का, सीटखालच्या वायरिंगच्या जोडांत चिखल शिरला आहे का, आणि डॅशबोर्डवर पाण्याची खूण कोठपर्यंत आहे, हे बघत असतो. त्याच्या येण्याआधी गाडी धुऊन पुसून ठेवणारा मालक आपल्याच बाजूचा पुरावा नकळत नाहीसा करतो.

घाटातील अपघाताचा प्रश्न वेगळा असतो. दरीत गेलेली गाडी आधी वर काढावी लागते, त्यासाठी क्रेन आणि माणसे लागतात, आणि प्रमाणित पॉलिसीत खासगी मोटार जवळच्या दुरुस्तीच्या ठिकाणी नेण्याच्या खर्चाची मर्यादा अवघी 1,500 रुपये आहे, जी आंबेनळीच्या एखाद्या वळणाखालून गाडी काढण्याच्या खर्चापुढे अगदीच तोकडी ठरते. ही मर्यादा थोडा अधिक हप्ता भरून वाढवता येते आणि घाटाखाली राहणाऱ्यांनी ती वाढवून घेणे शहाणपणाचे आहे. गाडी रस्त्याकडेला तशीच बेवारस सोडून जाऊ नये, आणि मोडक्या अवस्थेत चालवत नेऊ नये, अशी अट पॉलिसीत असते. त्यानंतर झालेले वाढीव नुकसान मालकाच्या माथी येते. कोणाला इजा झाली असेल तर पोलिसांकडील नोंद आणि घटनास्थळाचा पंचनामा अपरिहार्य आहे. गाडी चालवणारा मालकच मृत्यू पावला असेल तर त्याच्या पॉलिसीत बहुधा 15 लाख रुपयांचे वैयक्तिक अपघात संरक्षण असते, आणि दुःखात बुडालेले कुटुंब गाडीच्या दाव्यामागे धावत असताना याची आठवण त्याला कोणी करून देत नाही. ती करून देणे हे पॉलिसी विकणाऱ्या प्रतिनिधीचे आणि गावातल्या जाणत्या माणसांचे काम आहे.

मोटारीच्या नुकसानीचा दावा 50,000 रुपये किंवा त्याहून अधिक असेल तर परवानाधारक सर्वेक्षकाकडून, म्हणजेच सर्व्हेअरकडून, पाहणी व्हावी लागते. त्याची फी विमा कंपनी देते, परंतु त्याला परवाना विमा नियामक प्राधिकरणाकडून मिळालेला असतो आणि त्याने निःपक्षपातीपणे मूल्यमापन करावे अशी नियमांची अपेक्षा आहे. प्राधिकरणाच्या जून 2024 मधील परिपत्रकानुसार दावा कळवल्यापासून 24 तासांत सर्वेक्षकाची नेमणूक, नेमणुकीपासून 15 दिवसांत अहवाल आणि अहवालानंतर 7 दिवसांत कंपनीचा निर्णय अपेक्षित आहे. या मुदती मालकाला ठाऊक असणे अतिशय महत्त्वाचे आहे, कारण गाडी गॅरेजमध्ये पडून राहते तितके दिवस जागाभाडे वाढत जाते आणि ते कोणी द्यायचे यावरून पुढे वेगळाच वाद उभा राहतो.

यानंतर येतो तो या विषयाचा गाभा, म्हणजे गाडी दुरुस्त करायची की ती संपली असे धरून पैसे घ्यायचे. मालकाला वाटते की हा निर्णय त्याचा आहे. गॅरेजवाल्याला वाटते की तो त्याचा आहे. प्रत्यक्षात तो पॉलिसीतील एका वाक्यावर आणि दोन आकड्यांवर अवलंबून असतो. पहिला आकडा म्हणजे विमा घोषित मूल्य, ज्याला सर्वत्र ‘आयडीव्ही’ म्हणतात. त्याच बनावटीच्या नव्या गाडीच्या आजच्या किमतीतून गाडीच्या वयानुसार घसारा वजा करून तो काढला जातो: सहा महिन्यांपर्यंत 5 टक्के, वर्षापर्यंत 15, दोन वर्षांपर्यंत 20, तीनपर्यंत 30, चारपर्यंत 40 आणि पाच वर्षांपर्यंत 50 टक्के, त्यापुढील गाड्यांचे मूल्य कंपनी आणि मालक यांच्या संमतीने ठरते. दुसरा आकडा दुरुस्तीच्या खर्चाचा. पॉलिसी असे म्हणते, की गाडी बाहेर काढण्याचा आणि दुरुस्तीचा एकूण खर्च, पॉलिसीच्या अटींच्या अधीन राहून, घोषित मूल्याच्या 75 टक्क्यांहून अधिक होत असेल तर गाडीची रचनात्मक पूर्ण हानी झाल्याचे, म्हणजे ‘टोटल लॉस’ झाल्याचे, मानले जाईल.

या वाक्यातील ‘अटींच्या अधीन राहून’ हे शब्द सहज वाचून सोडून देण्यासारखे दिसतात, पण बहुतेक वाद तेथेच जन्म घेतात. दुरुस्तीच्या दाव्यात सुट्या भागांची पूर्ण किंमत मिळत नाही. रबर, प्लॅस्टिक, टायर, बॅटरी आणि एअरबॅग यांवर 50 टक्के, फायबरच्या भागांवर 30 टक्के आणि धातूच्या भागांवर गाडीच्या वयानुसार कपात होते, जी चार ते पाच वर्षांच्या गाडीसाठी 35 टक्के असते. काचेवर कपात नसते. कंपन्या आणि सर्वेक्षक यांची सर्वसाधारण प्रथा अशी, की 75 टक्क्यांची तुलना गॅरेजच्या अंदाजपत्रकाशी न करता ही कपात केल्यानंतर कंपनीवर पडणाऱ्या रकमेशी करायची. एक काल्पनिक पण वास्तवाला धरून असलेले उदाहरण घेतल्यास याचा अर्थ स्पष्ट होईल. साडेचार वर्षे वयाच्या एका लहान मोटारीचे घोषित मूल्य 4,00,000 रुपये आहे, म्हणजे रेषा 3,00,000 वर येते. गॅरेजने 3,40,000 रुपयांचे अंदाजपत्रक दिले आहे: धातूचे भाग 1,50,000, प्लॅस्टिक व रबराचे 80,000, काचा 30,000, मजुरी 50,000 आणि रंगकाम 30,000. मालकाला हे पाहून वाटते की रेषा ओलांडली गेली. परंतु धातूवर 52,500, प्लॅस्टिकवर 40,000, रंगाच्या साहित्यावर 3,750 आणि लहान मोटारीसाठी सक्तीची वजावट 1,000 अशी 97,250 रुपयांची कपात झाल्यावर कंपनीचे दायित्व 2,42,750 रुपयांवर येते, जे रेषेच्या बरेच खाली आहे. कंपनी म्हणते, गाडी दुरुस्त करा. आणि जवळजवळ लाखभर रुपये पदरचे घालून मालकाला अशी गाडी परत मिळते, जिची बाजारातील किंमत अपघाताच्या इतिहासामुळे आधीच घसरलेली आहे.

याच गाडीवर ‘झीरो डेप’ हे जोडसंरक्षण असते, म्हणजे सुट्या भागांवरील घसारा न कापण्याचा करार असता, तर कंपनीचे दायित्व सुमारे 3,39,000 रुपये झाले असते आणि तीच गाडी, तेच नुकसान असूनही, टोटल लॉस ठरली असती. ही गोष्ट फारच थोड्या मालकांना ठाऊक असते. जोडसंरक्षणाकडे ते केवळ दुरुस्तीच्या बिलातली सवलत म्हणून पाहतात, पण मोठ्या अपघातात त्याचा खरा परिणाम निर्णयाची दिशाच बदलण्यात होतो. याउलट वार्षिक हप्ता शे-दोनशे रुपयांनी कमी व्हावा म्हणून नूतनीकरणाच्या वेळी घोषित मूल्य मुद्दाम खाली लावून घेणारा मालक पूर्ण हानीच्या प्रसंगी मिळणारी रक्कमच कमी करून घेत असतो.

आणखी एक मुद्दा असा, की पहिले अंदाजपत्रक हे वरवरचे असते. पुढचा भाग खोलल्यावर इंजिनाखालची चौकट वाकलेली किंवा गिअरबॉक्सचे आवरण तडकलेले सापडते. वरील उदाहरणात असे धातूचे आणखी 90,000 रुपयांचे भाग निघाले तर घसारा जाऊन त्यांतील 58,500 रुपये दायित्वात जमा होतात, बेरीज 3,01,250 होते आणि रेषा ओलांडली जाते. म्हणून गंभीर नुकसान झालेल्या गाडीच्या बाबतीत मालकाने दुरुस्तीला घाईने संमती न देता, आधी गाडी पूर्ण खोलून सर्वेक्षकासमोर पुरवणी अंदाजपत्रक करण्याचा आग्रह लेखी स्वरूपात धरला पाहिजे, आणि घाटातून गाडी काढण्याच्या खर्चाची पावतीही त्यात जोडली पाहिजे, कारण पॉलिसीचे वाक्य बाहेर काढण्याच्या खर्चाचा स्पष्ट उल्लेख करते. पुरात बुडालेल्या गाडीला तर हे अधिकच लागू पडते. वायरिंग, नियंत्रक संच आणि सेन्सर आज चालू दिसले तरी गंज चढून काही आठवड्यांनी बंद पडतात, आणि तोवर दावा निकाली निघालेला असतो.

पूर्ण हानी मान्य झाली तरी घोषित मूल्य पदरात पाडून घेताना ओढाताण होते. गाडी वापरलेली होती, बाजारात एवढी किंमत येत नाही, असा सूर लावला जातो. धर्मेंद्र गोयल विरुद्ध ओरिएंटल इन्शुरन्स या 2008 च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने म्हटले आहे, की एखाद्या मालमत्तेचे मूल्य स्वीकारून त्यावर हप्ता घेतलेल्या कंपनीला दावा आल्यावर सबबी सांगून ते मूल्य नाकारता येणार नाही. मोडक्या गाडीची भंगार किंमत, जिला ‘सॅल्व्हेज’ म्हणतात, हीही वाटाघाटीची बाब आहे. मालकाने भंगार स्वतःकडे ठेवायचे ठरवले तर ती रकमेतून वजा होते. वरील गाडीचे भंगार 90,000 रुपयांचे धरले तर सक्तीची 1,000 रुपयांची वजावटही जाऊन हाती 3,09,000 येतात. कंपनी भंगार ताब्यात घेत असेल तर मालकाला भंगाराची वजावट सोसावी लागत नाही. गाडी कर्जावर असेल तर पैसे आधी बँकेकडे जातात आणि उरले तरच मालकाला मिळतात. लांब मुदतीच्या कर्जात घोषित मूल्यापेक्षा थकबाकीच अधिक भरणे अशक्य नाही, आणि तशा वेळी गाडी गेल्यावरही हप्ते राहतात. ‘रिटर्न टू इन्व्हॉइस’ हे जोडसंरक्षण घोषित मूल्य आणि मूळ खरेदीची किंमत यांतील फरक भरून देते, मात्र ते बहुधा नव्या गाड्यांपुरतेच मिळते.

भंगार विकताना होणारी हयगय तर दाव्यात कमी मिळालेल्या रकमेपेक्षाही महाग पडू शकते. लिलावात बोली लावणारा व्यापारी दूरच्या गावचा असतो. तो मालकाकडून हस्तांतरणाच्या 29 आणि 30 क्रमांकाच्या कोऱ्या नमुन्यांवर सह्या घेतो, आरसी बुक नेतो, आणि नोंदणीवर मालकाचेच नाव राहते. तीच गाडी दुरुस्त होऊन रस्त्यावर आली आणि तिने कोणाला उडवले, तर नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या 2018 च्या निकालाप्रमाणे नोंदणीवर ज्याचे नाव आहे तोच मालक मानला जातो. चोरीच्या गाडीला टोटल लॉस झालेल्या गाडीचा चासी क्रमांक आणि कागदपत्रे लावण्याचे प्रकारही पोलिसांना परिचित आहेत. गाडी कायमची निकामी झाली असेल तर मोटार वाहन कायद्याच्या कलम 55 नुसार मालकाने चौदा दिवसांत किंवा शक्य तितक्या लवकर नोंदणी प्राधिकरणाला कळवायचे असते. महाड-पोलादपूरच्या एमएच 06 गाड्यांसाठी हे कार्यालय पेणला आहे. तेथवरचा हेलपाटा टाळण्याचा मोह होतो, पण नोंदणी रद्द झाल्याची किंवा खरेदीदाराच्या नावावर गाडी चढल्याची प्रत हातात येईपर्यंत व्यवहार पूर्ण झाला असे समजू नये.

दावा नाकारला गेला किंवा अपुरा मंजूर झाला तर सर्वेक्षकाचा अहवाल मागून घेणे ही पहिली पायरी आहे. न्यू इंडिया अॅश्युरन्स विरुद्ध प्रदीप कुमार या 2009 च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने हा अहवाल अंतिम शब्द नसल्याचे सांगितले; त्याच वर्षी श्री व्यंकटेश्वर सिंडिकेटच्या प्रकरणात, मनाजोगता अहवाल मिळेपर्यंत कंपनीला एकामागून एक सर्वेक्षक नेमता येणार नाहीत, असेही स्पष्ट केले. खासगी मोटारीतून भाड्याने प्रवासी नेले म्हणून दावा पूर्णतः फेटाळला जातो, आणि रायगडावर किंवा शिवथर घळीला पर्यटक नेणाऱ्या काही गाड्यांच्या बाबतीत हा धोका खरा आहे. मात्र अमलेंदु साहू प्रकरणात 2010 मध्ये न्यायालयाने अशा अटभंगातही दावा सर्वस्वी न नाकारता ठरावीक प्रमाणात देण्याची भूमिका घेतली. पैशांची निकड असल्यामुळे ‘पूर्ण व अंतिम’ असे छापलेल्या पावतीवर सही करावी लागते, तेव्हा त्याखाली ‘हरकत राखून’ असे लिहावे आणि त्याच दिवशी कंपनीला पत्र पाठवावे. दबावाने किंवा फसवून घेतलेली अशी पावती पुढच्या दाव्याच्या आड येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने 1999 मध्येच सांगितलेले आहे.

कंपनीकडे केलेल्या लेखी तक्रारीला महिनाभरात समाधानकारक उत्तर आले नाही तर विमा लोकपालाकडे जाता येते. तेथे वकील लागत नाही, शुल्क नसते, 50 लाखांपर्यंतची भरपाई देण्याचा अधिकार असतो, आणि रायगड जिल्हा लोकपालाच्या ठाणे कार्यालयाच्या कक्षेत येतो. कंपनीच्या नकारानंतर एका वर्षात मात्र तेथे पोहोचले पाहिजे. दुसरा मार्ग अलिबाग येथील जिल्हा ग्राहक आयोगाचा. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यामुळे कंपनीचे कार्यालय मुंबईत असले तरी तक्रारदाराला स्वतःच्या राहत्या जिल्ह्यात तक्रार करता येते, मुदत दोन वर्षांची असते, आणि अधिकारक्षेत्र भरलेल्या मोबदल्यावर, म्हणजे येथे हप्त्यावर, ठरत असल्याने मोटारीच्या तक्रारीला बहुधा शुल्कच लागत नाही. तक्रारीसोबत पॉलिसी, दावा कळवल्याचा दिनांक, दोन्ही अंदाजपत्रके, सर्वेक्षकाचा अहवाल, गाडी खोललेली असतानाची छायाचित्रे आणि क्रेन व जागाभाड्याच्या पावत्या जोडाव्यात. आयोगासमोर 75 टक्क्यांचा हिशेब घसाऱ्यासह आणि घसाऱ्याविना असा दोन्ही प्रकारे मांडून दाखवावा, म्हणजे कंपनीने कोणता आकडा कोणत्या आधारे धरला याचे उत्तर तिला लेखी द्यावे लागते.